लाखाचा प्लेअर आणि आहुपेची भिंत

नोकरदार माणसाच्या आयुष्यात वर्षातून एकदा एक नाजूक आठवडा येतो. बोनस खात्यात जमा झालेला असतो आणि घरी अजून कुणाला कळलेलं नसतं! या आठवड्यात कुणी बुलेट बुक करतं, कुणी थायलंडची तिकिटं काढतं. आणि काही जण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत महागड्या ब्लू-रे प्लेअरचे रिव्ह्यू वाचत बसतात. ही तिसरी जमात तुम्हाला वाटते तेवढी दुर्मीळ नाही, बरं का. डिस्कचा जमाना संपला असं सगळे म्हणत असताना या लोकांचे डोळे मात्र शेल्फकडे लागलेले असतात.

अशाच एका मित्राने परवा विचारलं, ‘‘सव्वा लाखाचा प्लेअर बघून ठेवलाय. घेऊ का?’’

हा मित्र नोकरीला हिंजवडीत, पण मूळचा आहुपेचा. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पार कड्यावरचं गाव. ट्रेकर मंडळींना वेगळं सांगायला नकोच. कोकणातून, खोपिवलीकडून आहुपे घाट चढून वर आलात की हेच गाव लागतं. कड्यावर उभं राहिलं की समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, गावाशेजारी जुनी देवराई. ज्यांना चढायचा कंटाळा आहे त्यांनी गाडी काढावी... मंचर, घोडेगाव, डिंभे धरण, आणि मग धरणाच्या पाण्याला वळसे घालत वर.

तर या साहेबांचा प्लॅन असा : वाकडच्या फ्लॅटमध्ये ५५ इंची टीव्ही आहे, साउंडबार आहे. शिवाय एक छोटा प्रोजेक्टर घ्यायचा. सुट्टीला गावी जाताना प्लेअर आणि प्रोजेक्टर गाडीत टाकायचे आणि घराच्या पांढऱ्या भिंतीवर आई, आबा आणि आजीला सिनेमा दाखवायचा. गावी स्ट्रीमिंगचा भरवसा नाही. ‘‘पावसात नेट आलं तर आलं,’’ इति मित्र. त्यामुळे डिस्क. आणि डिस्क म्हटली की प्लेअर. ‘‘एकदाच घ्यायचं तर बेस्टच घ्यावं ना?’’

वाक्य ऐकायला झकास आहे. अडचण एवढीच की याच बोनसमधून गावच्या घराची कौलंही बदलायची आहेत, आणि पाऊस काही ईएमआयवर थांबत नाही.

म्हणून म्हटलं, एकदा हिशेबच मांडून बघू. तुमच्यापैकी ज्यांचा हात कार्डावर गेलाय, त्यांनीही दोन मिनिटं थांबा.

डिस्क वेगळी, डबा वेगळा

पहिली गोष्ट : डिस्कवरचा सिनेमा स्ट्रीमिंगपेक्षा खरंच चांगला दिसतो का? दिसतो. यात अंधश्रद्धा नाही, साधा हिशेब आहे.

डीव्हीडीच्या दोन थरांत मिळून साधारण साडेआठ जीबी मावतं. २००६ मध्ये बाजारात आलेल्या ब्लू-रेवर दोन थरांत ५० जीबी. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेवर १०० जीबीपर्यंत. लाल लेझरऐवजी निळसर-जांभळा लेझर वापरला, त्याचा ठिपका बारीक, म्हणून तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती बसते. ‘ब्लू’ नावामागची गोम हीच.

आता स्ट्रीमिंग. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेगाचं नेट असावं असं सांगतं. फोर-के ब्लू-रेची कमाल मर्यादा १२८ एमबीपीएसच्या घरात आहे. सगळ्या डिस्क तिथपर्यंत जात नाहीत, पण फरक काही पट असतो. तो कुठे दिसतो? धुक्यात, पावसात, अंधाऱ्या सीनमध्ये. स्ट्रीमिंगवर काळोखात जे चौकोन-चौकोन तरंगताना दिसतात ना, ते डिस्कवर सहसा दिसत नाहीत.

आवाजाचंही तेच. डिस्कवर डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, म्हणजे स्टुडिओतल्या मिक्समधलं काहीही न गाळता. स्ट्रीमिंगवरचा आवाज दाबून बारीक केलेला असतो. चांगले स्पीकर असतील तर कानाला फरक कळतो. टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर नाही कळणार, उगाच भांडू नका.

थोडक्यात काय, डिस्कला पूर्ण मार्क. पण हे मार्क डिस्कचे आहेत, प्लेअरचे नाहीत! गल्लत होते ती इथेच.

शून्य आणि एकचा रोखठोक व्यवहार

कॅसेटच्या काळात महाग डेक आणि स्वस्त डेक यांत जमीन-अस्मानाचा फरक असायचा. टेप घासत जायची, मोटर हळू-जलद व्हायची, आवाज हलायचा. तो संस्कार आपल्या डोक्यातून गेलेला नाही. महाग मशिन म्हणजे चांगलं चित्र, असं आपण गृहीतच धरतो.

ब्लू-रेचं तसं नसतं. डिस्कवर असतात शून्य आणि एक. प्लेअर ते वाचतो, मध्ये एखादा ओरखडा आला तर चूक दुरुस्त करण्याची सोय डिस्कच्या रचनेतच असते, मग तो चित्र उलगडतो आणि एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीकडे पाठवतो. माहिती पोचली तर पूर्ण पोचते. नाही पोचली तर चित्र अडकतं, फुटतं, ठिपके दिसतात. ‘पोचली, पण जरा कमी मखमली पोचली’ अशी भानगड या व्यवहारात नाही.

म्हणजे फोर-के डिस्क, फोर-के टीव्ही आणि दोन्हींमध्ये नीट काम करणारा साधा प्लेअर असेल, तर चित्र महागड्या प्लेअरच्या चित्राला जवळपास खेटून उभं राहतं. रंगांची बारीकसारीक माहिती भरून काढण्यात थोडा उन्नीस-बीस असतो, पण तो पाच फुटांवरून शोधायला भिंग लागेल. आवाज एचडीएमआयमधून बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जात असेल, तर तिथेही तेच. शून्य-एकचं गाणं बनवण्याचं काम तो ॲम्प्लिफायर करतो, प्लेअर फक्त पोस्टमन. पोस्टमनने सुटाबुटात येऊन पत्र दिलं म्हणून मजकूर बदलत नाही!

साडेतीन हजार डॉलरचा डबा

पटत नसेल तर ही खरी गोष्ट ऐका. लेक्सिकॉन नावाच्या नामांकित ऑडिओ ब्रँडने बीडी-३० नावाचा ब्लू-रे प्लेअर काढला होता. किंमत साधारण साडेतीन हजार डॉलर. जानेवारी २०१० मध्ये ऑडिओहोलिक्स या अमेरिकी परीक्षकांनी तो खोलला, तर आत काय निघावं? ओप्पोचा बीडीपी-८३. नुसते त्याचे पार्ट नव्हेत, तर जवळपास सगळा प्लेअर, त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यासकट, नव्या जाडजूड कॅबिनेटमध्ये बसवलेला. ओप्पोच्या त्या मूळ प्लेअरची किंमत होती सुमारे पाचशे डॉलर. मोजमापं घेतली तर तीही सारखीच आली.

म्हणजे तीन हजार डॉलर कशाचे? ॲल्युमिनियमचे आणि नावाचे.

सगळे महाग प्लेअर असेच असतात असं मुळीच नाही. पण वजन, जाड पत्रा आणि समोरची चकचकीत पट्टी बघून आपण चित्राचा अंदाज बांधतो, आणि तो किती फसवा असू शकतो हे या एका डब्याने दाखवून दिलं.

मग लाख रुपये जातात कुठे?

जातात, आणि काही ठिकाणी रास्त जातात. न्याय करायला हवा.

एक, ॲनालॉग आवाज. तुमच्याकडे जुना, भारी स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल, ज्याला एचडीएमआय नाहीच, तर आवाजाचं रूपांतर प्लेअरलाच करावं लागतं. तिथे आतली चिप, वीजपुरवठा, सर्किट या सगळ्याला अर्थ येतो. २०१७ मध्ये आलेला ओप्पोचा यूडीपी-२०५ याच कामासाठी नावाजला गेला. किंमत १२९९ डॉलर, वजन तब्बल १० किलो. त्याचाच धाकटा भाऊ यूडीपी-२०३ मिळायचा ५४९ डॉलरला. दोघांत मुख्य फरक ॲनालॉग आवाजाचा, चित्राचा नव्हे.

दोन, प्रोजेक्टर. प्रोजेक्टरचा उजेड टीव्हीपेक्षा बराच कमी. एचडीआर सिनेमात जो भगभगीत प्रकाश भरलेला असतो, तो प्रोजेक्टरला झेपत नाही आणि चित्र काळवंडतं. अशा वेळी प्लेअरनेच तो प्रकाश पडद्याला झेपेल इतका खाली आणला तर मोठा फरक पडतो. पॅनासॉनिकच्या प्लेअरमधला ‘एचडीआर ऑप्टिमायझर’ हेच करतो. पण गंमत बघा, हे काम कंपनीचा बडा यूबी९००० करतो तसंच त्याच्या निम्म्या किमतीचा यूबी८२० पण करतो. बड्याकडे जास्त मजबूत बांधणी आणि भारी ऑडिओ विभाग आहे. ज्याला तो लागतो, त्याने घ्यावा.

तीन, जुन्या डीव्हीडी. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फोर-के टीव्ही ३८४० बाय २१६०चा. मधले ठिपके कुणीतरी अंदाजाने भरायचे असतात. चांगला प्लेअर ते नीट भरतो. पण हल्लीचे चांगले टीव्हीही ते बऱ्यापैकी करतात.

चार, मजबुती आणि शांतता. ट्रे करकरत नाही, पंख्याचा आवाज नाही, रिमोट अंधारात दिसतो. हे सुख खरं आहे. फक्त त्याला ‘पिक्चर क्वालिटी’ म्हणू नका.

आता चला आहुपेला

वाकडच्या फ्लॅटमध्ये महाग प्लेअरने फार काही होणार नाही, हे मित्राला पटलं. एचडीएमआयवाला साउंडबार, चांगला टीव्ही, विषय संपला. पण गावच्या भिंतीचं काय?

तिथे तर साध्या प्लेअरची बाजू आणखी भक्कम होते. सोनीचा यूबीपी-एक्स७०० हा २०१८ चा प्लेअर घ्या. दीड किलोच्या आतबाहेर वजन, लॅपटॉपच्या बॅगेत मावतो, वीज नावापुरती खातो. इन्व्हर्टरवर खरा भार पडेल तो प्रोजेक्टरचा. दहा किलोचं नाजूक धूड घेऊन घाटातले खड्डे झेलत जायचं, तेही व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या लाइनवर लावायला? कुणी सांगितलंय!

‘‘मग सिनेमे मोबाइलवर डाउनलोड करून का नेऊ नयेत?’’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. नेता येतात. पण त्या डाउनलोडला मुदत असते, काही सिनेमे एकदा सुरू केले की ४८ तासांत संपवावे लागतात. आणि बऱ्याच ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमा मोठ्या पडद्यावर टाकूच देत नाहीत. नेटफ्लिक्सचंच बघा, डाउनलोड कास्ट होत नाही. म्हणजे आजीने सहा इंची स्क्रीनमध्ये डोळे घालून बसायचं. राहिला पेनड्राइव्हवरचा ‘इकडून तिकडून’ आणलेला माल... आपण त्या गावचेच नाही.

एक गोष्ट मात्र मित्राला स्पष्ट सांगावी लागली. घरातली माणसं आणि पाहुणे मिळून सिनेमा बघणं वेगळं, आणि शाळेच्या पटांगणात पडदा लावून अख्ख्या गावाला दाखवणं वेगळं. विकत घेतलेली डिस्क घरगुती वापरासाठी असते. जाहीर खेळ लावायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. तेव्हा भिंत घरचीच बरी.

आणि आबांना बघायचं काय आहे? हॉलिवुडचे स्पेसशिप नाही. त्यांना हवेत दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे. इथे एक कटू सत्य : मराठी सिनेमे ब्लू-रेवर फारच कमी आले. आपला खजिना आहे तो डीव्हीडी आणि व्हीसीडीवर. आठवतंय? मोझर बेअरने २००७ मध्ये २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली होती. वडापावच्या हिशेबात सिनेमा! त्या काळात घेतलेल्या तबकड्या अजून कित्येक घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात पडून आहेत. कंपनी मात्र २०१८ मध्ये अवसायनात गेली.

व्हीसीडीवरचं चित्र असतं अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. सव्वा लाखाचा प्लेअरसुद्धा त्यातून ‘अशी ही बनवाबनवी’ फोर-के करून देणार नाही. ऊस कितीही चांगल्या चरकात घाला, रस उसात असेल तेवढाच निघणार. उलट काही नवे प्लेअर व्हीसीडी ओळखतच नाहीत. म्हणून दुकानात जाताना घरातली एक जुनी व्हीसीडी सोबत घेऊन जा आणि लावून बघा. शंभर रिव्ह्यू वाचण्यापेक्षा ही टेस्ट भारी आहे.

पण डिस्क हवीच कशाला?

प्लेअरवर पैसे उधळू नका, हे मी म्हणते. डिस्क घेऊ नका, असं मात्र अजिबात म्हणत नाही.

३१ मार्च २०२३ आठवतो? हॉटस्टारवरचा एचबीओचा सगळा माल त्या दिवशी गेला. वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलेल्यांना ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघताना दुसऱ्या दिवशी रिकामी जागा दिसली. नंतर तोच माल जिओसिनेमावर आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते दोघंच एक झाले. त्याच २०२३ मध्ये डिस्नेने स्वतःच बनवलेली ‘विलो’ ही मालिका काही महिन्यांत आपल्याच प्लॅटफॉर्मवरून काढून टाकली. तिची डिस्क नाही. म्हणजे शोधायची कुठे, हाच प्रश्न.

स्ट्रीमिंग हे भाड्याचं घर आहे. सोयीचं आहे, स्वस्त आहे, मीही त्यातच राहते. पण मालकाने कधी कुलूप बदललं तर तक्रार करता येत नाही. जो सिनेमा तुम्ही वर्षातून एकदा बघताच, जो पुढे पोरांना दाखवायचाय, तो कपाटात असलेला बरा.

आणि ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांनो, दुकानं आवरायला लागली आहेत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये प्लेअरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. सॅमसंग २०१९ मध्ये बाहेर पडली, एलजीने २०२४च्या अखेरीस हात झटकले. नेटफ्लिक्सने आपली जुनी टपालाने डीव्हीडी पाठवायची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये गुंडाळली. मॅग्नेटारसारखी एखादी नवी कंपनी महागडे प्लेअर आणते आहे, पण साधे, परवडणारे प्लेअर बनवणारे कमी होत चाललेत. तेव्हा घाई करायचीच असेल तर ती साध्या प्लेअरची करा.

खिशात ठेवायची चिठ्ठी

* आधी पडदा, मग आवाज, मग खोलीतला अंधार, मग डिस्क. प्लेअरचा नंबर शेवटी. शंभर रुपयांचा जाड पडदा खिडकीला लावलात तर चित्र जेवढं सुधारेल, तेवढं लाखाच्या प्लेअरने सुधारणार नाही.
* घरात प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स आहे? डिस्कवालं मॉडेल असेल तर फोर-के ब्लू-रे त्यावरच चालतात. दुकानात जायचीच गरज नाही.
* ब्लू-रेला रीजन असतो. भारत ‘सी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये, इंग्लंड ‘बी’मध्ये. अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेली साधी ब्लू-रे इथे घेतलेल्या प्लेअरवर कदाचित चालणार नाही. फोर-के डिस्कला हा जाच नाही.
* प्लेअर परदेशातून मागवत असाल तर मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचा. फक्त ११०-१२० लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या प्लगमध्ये घालू नका, धूर निघेल. वॉरंटी इथे चालते का, तेही विचारा.
* घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुसताना मधून कडेला सरळ पुसा, गोल नाही. गार, दमट प्रवासातून आणलेला प्लेअर लगेच सुरू करू नका, तासभर खोलीत राहू द्या.

घ्यायचा कुणी?

ज्यांच्याकडे खास सिनेमासाठी अंधारी खोली आहे, मोठा प्रोजेक्टर आहे, भारी ॲनालॉग ॲम्प्लिफायर आहे आणि शेल्फवर शे-दोनशे डिस्क आहेत, त्यांनी महाग प्लेअर खुशाल घ्यावा. त्यांच्यासाठी तो पैसा वसूल आहे. माझ्या ओळखीत असा एकच माणूस आहे, आणि त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

बाकीच्यांसाठी सोपा नियम : तुमच्याकडच्या सगळ्या डिस्कची किंमत मिळून प्लेअरच्या किमतीएवढी होत नसेल, तर प्लेअर महाग आहे. मित्राला हा नियम लावला. डिस्क निघाल्या अकरा, त्यातल्या चार एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या! साध्या प्लेअरवर सौदा ठरला, प्रोजेक्टर आला, आणि उरलेल्या पैशांतून कौलांची ऑर्डर घोडेगावला गेली.

‘एकदाच घ्यायचं तर बेस्ट घ्यावं’ हे अगदी खरं, बॉस. फक्त बेस्ट काय, हे किमतीच्या चिठ्ठीला विचारू नका. आधी भिंतीसमोर कोण बसणार आहे आणि त्यांना काय बघायचंय, ते विचारा.